भामरागडच्या वाचकासाठी पान

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांची अधिकृत संकेतस्थळे शेजारीशेजारी उघडावीत आणि नावे झाकावीत. दोहोंत फरक उरतो तो छायाचित्रांचा. बाकी मांडणी एकच: वर राजमुद्रा, खाली ‘जिल्ह्याविषयी’, ‘विभाग’, ‘पर्यटन’, ‘दस्तऐवज’, ‘सूचना’ अशी दालने, मग सरकती चित्रे, मग घोषणा. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, म्हणजे एनआयसीने, देशभरच्या जिल्ह्यांसाठी ‘एस-थ्री-वास’ नावाचा साचा तयार केला. ही दोन्ही स्थळे त्यातूनच निघाली आहेत. एकीकडे कोळशाच्या खाणी, गोंड राजांचा परकोट आणि ताडोबा. दुसरीकडे वैनगंगेपासून इंद्रावतीपर्यंत पसरलेले जंगल. इतक्या वेगळ्या जिल्ह्यांनी एकच मुखवटा चढवून लोकांपुढे यावे, यात कलेची हार आहे, असा आक्षेप घेतला जातो.

मला हा आक्षेप पटत नाही. साचा येण्याआधीची सरकारी पाने ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ती लाल अक्षरांची धावती पट्टी, लुकलुकणारे ‘नवीन’ आणि ‘मजकूर दिसत नसल्यास फॉन्ट उतरवून घ्या’ ही सूचना आठवत असेल. त्या काळात प्रत्येक कार्यालयाचे पान वेगळे होते, पण त्या वेगळेपणाचा वाचकाला काही उपयोग नव्हता. आता एका जिल्ह्याच्या पानावर वाट सापडली की शेजारच्या जिल्ह्यातही ती सापडते. ब्रिटनने २०१२ साली आपल्या खात्यांची विखुरलेली स्थळे एका छपराखाली आणली, तेव्हा तिथेही हाच वाद झाला होता. आपल्या केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये रंग, अक्षरे आणि बोधचिन्हे यांच्या एकसारखेपणाची नियमपुस्तिका काढली, तीही याच दिशेने. शिवाय अक्षर मोठे करणे, पार्श्वभूमी गडद करणे, थेट मजकुराकडे जाणे या सोयी साच्यात आधीपासून आहेत. कंत्राटदाराच्या मर्जीवर त्या सोडलेल्या नाहीत.

स्थानिक चेहरा द्यायचा म्हणून काय केले जाते, तेही पाहायला हवे. ‘आदिवासी’ म्हटले की पत्रिकेवर, भिंतीवर आणि पडद्यावर वारली चित्रे काढायची सवय महाराष्ट्राला लागली आहे. वारली ही पालघर-ठाण्याकडची कला. गडचिरोलीच्या माडियांचे लाकडावरचे कोरीवकाम वेगळे, त्यांचे बांबूकाम वेगळे. दुसऱ्याची नक्षी कडेला लावून आलेली ओळख लावली नसती तर बरे, अशीच असते.

तेव्हा एकसारखेपणाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती साच्यात जे ओतले जाते त्याबद्दल, आणि अक्षरांबद्दल.

अक्षरांपासूनच सुरुवात करतो, कारण संकेतस्थळ मुख्यतः वाचायची गोष्ट आहे. चांगल्या मांडणीचे जे नियम आपल्याकडे शिकवले जातात, ते बहुतेक रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून बनलेले आहेत. तिथे मथळा उठून दिसावा म्हणून मोठी लिपी वापरतात. देवनागरीत मोठी आणि लहान असा भेदच नाही. तिथे अक्षरांमध्ये थोडे अंतर सोडले की मथळा ऐसपैस वाटतो. इथे तेच अंतर सोडले की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. दुव्याखाली रेघ मारायचा जुना नियम घ्या. ती रेघ उकारावरून आणि ऋकारावरून जाते आणि ‘कृषी’, ‘मृत्यू’ असे शब्द चिरडते. तिरके अक्षर आपल्या छपाईच्या परंपरेत रुजलेच नाही. ओळींमधल्या अंतराचेही तेच. वर वेलांटी, मात्रा आणि रफार, खाली उकार आणि जोडाक्षराचा पाय, असा हा तीन मजली संसार आहे. रोमनला पुरेल तेवढी जागा त्याला पुरत नाही. इंग्रजी पान आधी बांधून मग त्यात मराठी ओतली की हे सारे दोष एकदम येतात. अनुवाद कितीही चांगला असला तरी ते जात नाहीत.

या बाबतीत मराठी माणसांनी केलेले काम कमी नाही. कवी आणि अक्षरकार र. कृ. जोशी यांनी विंडोजसाठी ‘मंगल’ हा टंक घडवला, आणि देशभरचे असंख्य लोक पहिल्यांदा युनिकोड देवनागरी वाचायला लागले ते त्याच टंकात. मुंबईच्या ‘एक टाइप’ मंडळींचा ‘मुक्त’ आज कुणालाही विनामूल्य वापरता येतो. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेचे प्रमाणरूप ठरवून दिले. पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ही मराठीची वळणे त्यात आहेत. पण पडद्यावर पुष्कळदा हिंदी वळणाचेच ल आणि श दिसतात. उपाय सोपा आहे. पानाच्या मुळाशी ‘ही भाषा मराठी आहे’ अशी एक खूण लिहायची असते. ती खूण असेल, तर ज्या टंकांत मराठी वळणाची सोय आहे ते ती वळणे आपोआप दाखवतात. त्याहून मोठी गोष्ट अशी की, अंध वाचकाला पान वाचून दाखवणारी यंत्रणा त्या खुणेवरून मराठी उच्चार निवडते. खूण नसली किंवा तिथे इंग्रजी लिहिलेले असले, तर समोर शुद्ध मराठी असूनही कानावर भलतेच पडू शकते. एका ओळीचे हे काम आहे.

टंकाच्या वजनाचाही विचार करावा लागतो. जोडाक्षरांमुळे देवनागरी टंकाची फाइल रोमनच्या कितीतरी पट जड होते. पुण्याच्या कचेरीत ते जाणवत नाही. गडचिरोलीतल्या भामरागडला, एटापल्लीच्या आतल्या गावांत, जिथे फोनवर एखादी काडी दिसते आणि जाते, तिथे सुंदर टंक उतरेपर्यंत पान कोरे राहते. अँड्रॉइड फोनमध्ये देवनागरी टंक आधीपासून असतोच. या जिल्ह्यांच्या पानांनी तोच वापरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. सरकत्या चित्रांबद्दल तर वादच नको. पाच छायाचित्रांची ती माळ पानातले सर्वांत जड सामान आहे, आणि उत्पन्नाचा दाखला काढायला आलेल्या माणसाला तिचा कवडीचा उपयोग नाही. आलापल्लीचे वनवैभव, मार्कंड्याची शिल्पे, वडधमचे जीवाश्म पाहण्यासारखे आहेतच. त्यांना ‘पर्यटन’ दालनात जागा आहे.

आता मजकूर. अजूनही कितीतरी सूचना, याद्या, आदेश पानावर येतात ते शिक्का-सहीच्या कागदाचे छायाचित्र म्हणून. त्यातला शब्द शोधता येत नाही, अक्षर मोठे केले की फाटते, अंध माणसाला तर तो कोरा कागद. भारत सरकारची संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे २००९ साली आली आणि २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती निघाली. सुगम्यतेचे आंतरराष्ट्रीय निकष त्यात घेतलेले आहेत. अपंग हक्क कायदा २०१६ चा आहे. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला, आणि तसे करताना ग्रामीण लोकांचा व भाषिक अल्पसंख्याकांचाही उल्लेख केला. नियम पुरेसे आहेत. कागदाचे छायाचित्र चढवणे सोपे पडते, म्हणून ते चढते.

चंद्रपूरचा वाघ या सगळ्याची उत्तम परीक्षा घेतो. ताडोबाची सफारी आरक्षित करायची तर फाटक निवडा, तारीख निवडा, सकाळ की दुपार ते सांगा, पैसे भरा. मोहर्ली, कोलारा, नवेगाव, कोणत्या फाटकाला कधी जागा आहे ते दिसते. काम एका धाग्याने पुढे जाते. नागपूर-मुंबईच्या पर्यटकाला काय हवे, हे कुणीतरी बसून नीट ठरवलेले आहे. आणि त्याच जंगलाच्या कडेला ज्याचा बैल वाघाने मारला किंवा ज्याचे धान रानडुकरांनी लोळवले, त्याला भरपाईची माहिती कुठे मिळते? शासन निर्णयांत. भरपाईच्या रकमा वेळोवेळी बदलतात, आणि प्रत्येक बदलाचा निर्णय वेगळा. शासन निर्णयांच्या स्थळावर विभाग, शीर्षक, दिनांक आणि लांबलचक सांकेतांक यांची ओळ लागते. त्यातला शेवटचा निर्णय कोणता, जुना रद्द झाला की नुसता सुधारला, हे शोधणाऱ्यानेच जुळवायचे. ही यादी कार्यालयाच्या दप्तराची आहे. तिची रचना फायलीसारखी असणे समजू शकते. पण शेतकऱ्यासाठीही फाटक-तारीख-वेळ इतके सरळ एक पान होऊ शकते: काय नुकसान झाले, कुणाला कळवायचे, किती दिवसांत, कोणती कागदपत्रे, आज लागू असलेली रक्कम किती. पर्यटकासाठी जे कौशल्य वापरता आले ते गावकऱ्यासाठी वापरता येत नाही, हे मी मानायला तयार नाही.

सेवाभावी संस्थांच्या पानांबद्दल थोडक्यात सांगतो. आनंदवन, हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प, ‘सर्च’ यांची स्थळे बरीचशी इंग्रजीत आहेत, कारण ती देणगीदाराशी, अभ्यासकाशी आणि कामाला येऊ पाहणाऱ्या तरुणाशी बोलतात. तो वाचक खरा आहे आणि त्याच्याशी नीट बोलणे गैर नाही.

‘सर्च’चे नाव इथे घ्यायचे ते मात्र वेगळ्या कारणाने. मांडणीच्या कलेतला सर्वांत मोठा धडा गडचिरोलीत पडद्यावर नाही, विटामातीत गिरवला गेला. ‘सर्च’ उभारणाऱ्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी आदिवासींना विचारले, की तुम्ही दवाखान्यात का येत नाही? मोठ्या इमारतीची भीती वाटते, पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांची भीती वाटते, आजाऱ्याजवळ नातेवाइकांना राहू देत नाहीत, तिथे आपला देव नाही, अशी उत्तरे आली. मग शोधग्राम या ‘सर्च’च्या परिसरातला दवाखाना झोपड्यांच्या वस्तीसारखा बांधला गेला, सोबतच्या माणसांना राहता येईल असा, आणि त्याला नाव दिले माँ दंतेश्वरीचे. याकोब निल्सन यांची वापरसुलभतेची दहा सूत्रे १९९४ ची. जगभरचे मांडणीकार ती पाठ करतात. ती चांगलीच आहेत. पण आपल्या दारात ज्यांनी येणाऱ्याला आधी विचारले आणि मग भिंत घातली, त्यांच्याकडून आपल्या संकेतस्थळांनी अजून काही घेतलेले नाही.

विचारायचे ठरवले तर पहिला माणूस कोण? माझ्या मते, आपले सरकार सेवा केंद्र चालवणारा. जातीचा दाखला, सातबारा, शिष्यवृत्तीचा अर्ज, बहुतेक लोक हे स्वतः करत नाहीत. ते केंद्रावर जातात आणि तो करून देतो. वाकडीतिकडी रोमन अक्षरे ओळखून लिहा म्हणणारी चौकट, अर्ज भरता भरता संपणारी मुदत, ज्या फोनला रेंज नाही त्यावर येणारा ओटीपी, मराठी नावाचे इंग्रजी स्पेलिंग आधारशी न जुळणे, या अडचणी त्याला तोंडपाठ असतात. गडचिरोली ते सिरोंचा हे अंतर दोनशे किलोमीटरच्या घरात आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो. इथे अर्धवट राहिलेल्या अर्जाची किंमत एका दिवसाची मजुरी असते, कधी त्याहून जास्त. भरलेला अर्ज जसाच्या तसा जपून ठेवणारे आणि रेंज आल्यावर तिथूनच पुढे नेणारे पान मला कोणत्याही देखण्या पानापेक्षा सुंदर वाटते.

आणि जो वाचत नाही, किंवा मराठी वाचत नाही, त्याचे काय? २०११ च्या जनगणनेत गडचिरोलीची साक्षरता सुमारे ७४ टक्के होती. सिरोंच्यात तेलुगू, मुलचेरा-चामोर्शीकडच्या पुनर्वसित गावांत बंगाली, आणि दक्षिणेच्या जंगलात माडिया. गोंडीच्या दोन लिपी युनिकोडमध्ये आल्या, मसराम २०१७ मध्ये आणि गुंजाळा २०१८ मध्ये. तो अभिमानाचा विषय आहे. पण लिपी मिळाली म्हणून वाचक तयार होत नाही. त्यापेक्षा शेजारच्या छत्तीसगडचा अनुभव अधिक उपयोगाचा वाटतो. २०१० पासून ‘सीजीनेट स्वर’ने साध्या फोनवरून गोंडीत बातमी सांगायची आणि ऐकायची सोय केली. पुढे ‘आदिवासी रेडिओ’ या ॲपमधून लिहिलेली गोंडी मोठ्याने वाचून दाखवण्याचा प्रयत्नही झाला. पडद्याचे नियम ज्यांनी लिहिले, त्यांच्या मनात कान हा अपवाद होता. या दोन जिल्ह्यांत तो पुष्कळांचा मुख्य दरवाजा आहे.

पण छत्तीसगडातल्या बस्तरच्या गोंडीतली फीत भामरागडला चालणार नाही. माडिया बोली वेगळी, ती इथेच बोलवून घ्यावी लागेल. दोन मिनिटांचे बोलणे कमी दर्जात मुद्रित केले तरी स्पष्ट ऐकू येते आणि साडेतीनशे किलोबाइटच्या आसपास बसते. मुखपृष्ठावर सरकणारे एकेक छायाचित्र पुष्कळदा याहून जड असते. वनहक्काचा दावा, भरपाई, दाखले, शिष्यवृत्ती एवढ्यापासून सुरुवात करता येईल. साचा तोच राहू द्या, ‘दस्तऐवज’च्या शेजारी ऐकण्याचे एक दालन उघडा, आणि कोणत्या गावचा, कुणाचा आवाज तिथे लावायचा हे त्या त्या ग्रामसभेला विचारा.