राजस्पर्श : एका क्रियापदाचा पुरावा

फ्रान्सच्या व इंग्लंडच्या राजांनी हात लावला असता गंडमाळा बरी होते, ही समजूत मध्ययुगापासून कित्येक शतके टिकली. तिच्यावरील मार्क ब्लॉक या फ्रेंच इतिहासकाराचा ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. तो आजही आधारभूत मानला जातो, व ते यथार्थच आहे. ब्लॉकने राजांना लबाड ठरविले नाही, की रोग्यांना मूर्ख. गंडमाळा म्हणजे बहुधा ग्रंथींचा क्षय. तिच्या गाठी कधी आपोआप बसतात, व्रण भरतात, पुन्हा चिघळतात. चमत्कार होणारच अशा अपेक्षेने पाहणाऱ्या समाजाला एवढे पुरेसे होते. सॅम्युएल जॉन्सन या कोशकाराला बालपणी, १७१२ साली, राणी ॲनच्या स्पर्शासाठी नेले होते. त्याचे व्रण काही गेले नाहीत. राणीने दिलेले सुवर्णपदक मात्र त्याने जपून ठेवले.

ग्रंथाचा हा भाग निर्विवाद आहे. शंका उपस्थित होते ती एका वाक्यापाशी. फ्रेंच राजा स्पर्शाच्या वेळी जे म्हणे, त्याचा जुना आशय ‘राजा तुला स्पर्श करतो, देव तुला बरा करतो’ असा होता. पंधराव्या लुईच्या १७२२ मधील राज्याभिषेकापासून उत्तरार्ध ‘देव तुला बरा करो’ असा झाला. उच्चारात ‘गेरी’चे ‘गेरीस’ झाले, एवढेच. परंतु आपल्या व्याकरणाच्या परिभाषेत स्वार्थाच्या जागी आशीर्वादाचा आज्ञार्थ आला. ब्लॉकने हा फेरफार ऱ्हासाच्या प्रकरणात नोंदला आहे. साहजिकच वाचक असे समजतो की, श्रद्धा ढळली म्हणून विधानाची प्रार्थना झाली.

क्रियारूपावरून वक्त्याच्या निश्चयाचे असे माप घेणे धोक्याचे आहे. ‘देव तुझे भले करो’ म्हणणाऱ्या वृद्धेला देवाविषयी शंका आहे, असे कोणी मानीत नाही. उलट, फळ देवाधीन ठेवणे हे धर्मदृष्ट्या अधिक निर्दोष. जुन्या रूपात राजाचा हात लागताच देवाचे कार्यही गृहीत धरलेले होते. शिवाय १७३९ सालच्या ईस्टरचा प्रसंग पाहावा. प्रेयसीचा त्याग करण्याची लुईची तयारी नव्हती, म्हणून त्याला प्रभुभोजन घेता आले नाही, आणि म्हणून रोग्यांना स्पर्शही करता आला नाही. तोवर क्रियापद बदलून सतरा वर्षे झाली होती. विधी पोकळ झाला असता, तर राजाने तो सहज उरकून टाकला असता.

ऱ्हास झाला, हे खरे. पण त्याचा पुरावा रोग्यांच्या संख्येत शोधावा. १७२२ साली दोन हजारांवर रोगी आले होते. १७७५ साली सोळाव्या लुईपुढे ‘बरा करो’ हेच शब्द ऐकण्यास सुमारे २,४०० जमले. १८२५ साली रँस येथे दहाव्या शार्लने तोच विधी, त्याच शब्दांत केला, तेव्हा आले जेमतेम १२० ते १३०. १७७५ आणि १८२५ यांच्या दरम्यान व्याकरण बदलले नव्हते. राज्यक्रांती होऊन गेली होती.