ऐका, पण नेऊ नका

ओळखीच्या एका गायिकेने स्वतः बांधलेल्या नऊ बंदिशी आपल्या संकेतस्थळावर ठेवल्या आहेत. प्रत्येक बंदिशीखाली एकच ओळ आहे : ऐका, पण कृपया उतरवून घेऊ नका. कायद्याचे कलम नाही, दंडाची धमकी नाही, फाइलला कुलूपही नाही. थोडीफार माहिती असलेला कोणीही ती दोन मिनिटांत काढून घेईल. खरे तर ब्राउझर आपल्याला ऐकवतो तेव्हाच तिची तात्पुरती प्रत यंत्रात आणतो. ऐकणे आणि नेणे यांत यांत्रिक फरक फारसा उरतच नाही. उरतो तो ऐकणाऱ्याने पाळायचा शब्द.

मी संगीतावर लिहितो. एकेक आवर्तन दहा-दहा वेळा ऐकल्याशिवाय माझे काम होत नाही, आणि ऐकलेले हाताशी ठेवायची मला सवय आहे. म्हणून ती ओळ मला नुसती सूचना वाटली नाही. ती माझ्या धंद्यालाच विचारलेला प्रश्न वाटली.

प्रश्न जुना आहे. ख्यालाच्या घराण्यांत गाणे ऐकायला मज्जाव नव्हता. चीज नेण्याला होता. मैफलीत बसा, दाद द्या, पण बंदिश हवी असेल तर गंडा बांधा आणि तालीम घ्या. अल्लादिया खाँसाहेब (१८५५–१९४६) ध्वनिमुद्रणाच्या काळात गायले, तरी त्यांच्या आवाजाची एकही मुद्रिका मागे राहिलेली नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांनी मुद्रिका दिल्या त्या मोजक्या, तीन-साडेतीन मिनिटांच्या. आपले गाणे कोण कशावर भरून घेतो याबाबत त्यांचा करडेपणा प्रसिद्ध होता. याला आपण सहज ‘विद्या लपवणे’ म्हणतो. मला ते अर्धेच खरे वाटते. ज्या गाण्याचा विस्तार तासभर चालतो, त्याचा एक तुकडा कुणाच्या तरी कपाटात कायमचा ‘केसरबाई’ म्हणून बसावा, ही गोष्ट गाणाऱ्याला जाचली तर त्यात नवल नाही.

पुढे जे घडले ते कुणी कादंबरीत लिहिले असते तर आपण ओढूनताणून म्हटले असते. १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत भारताच्या वतीने गेली ती केसरबाईंची भैरवी, ‘जात कहाँ हो’. दुसरे यान सप्टेंबरच्या ५ तारखेला उडाले आणि त्याच महिन्याच्या १६ तारखेला केसरबाई गेल्या. आपले गाणे कोण नेतो यावर आयुष्यभर डोळा ठेवणाऱ्या बाईंचा आवाज आज माणसाने पाठवलेल्या सर्वांत दूरच्या वस्तूवर आहे. आणि २०१५ मध्ये नासाने तबकडीतल्या शुभेच्छा व पृथ्वीवरचे आवाज इंटरनेटवर ऐकायला ठेवले, तेव्हा संगीत त्यात नव्हते. त्याचे हक्क ज्याच्या-त्याच्याकडे होते. परग्रहवासीयांना मोकळीक आणि आपल्याला बंदी, असा हा मामला.

तरीही मी केसरबाईंवर लिहिले आहे. कशाच्या जोरावर? तीन मिनिटांच्या मुद्रिकांवर नव्हे. कुणीतरी कधीतरी खासगी बैठकीत टेप चालू ठेवला, त्याची कॅसेट झाली, कॅसेटची कॅसेट झाली, आणि घरघर व खरखर यांच्यासकट ती माझ्यापर्यंत आली. बाईंची परवानगी कोणी घेतली असेल असे मला वाटत नाही. माझ्या पिढीची संगीतसमीक्षा बरीचशी अशा विनापरवाना प्रतींवर उभी आहे. आज्ञाभंग झाला नसता तर मला लिहायला विषयच नसता. म्हणून ‘नेणारा तो चोर’ असे सरसकट म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

‘उतरवून घेणे’ हा शब्द तर मराठीत पुण्याचा आहे. संताजी जगनाड्यांनी तुकोबांचे अभंग वह्यांत उतरवून घेतले. वारकऱ्यांची बाडे अशाच हातांनी भरली. तिथे नेण्यात कुणाला गैर वाटले नाही. गैर काय, ते सालोमालोच्या कथेत कळते. परंपरा सांगते की त्याने अभंग तुकोबांचे घेतले आणि मुद्रा स्वतःची घातली. त्याचा अपराध अभंग नेण्याचा नव्हता, ‘तुका’ पुसण्याचा होता. १९०२ मध्ये कलकत्त्याला गौहर जान मुद्रिकेच्या शेवटी इंग्रजीत आपले नाव मोठ्याने सांगत, तेही परदेशात तबकड्या काढणाऱ्यांना लेबल लावताना चूक होऊ नये म्हणून. सोय कारखान्याची होती, पण काम मुद्रेचेच झाले : गाणे कुठेही गेले तरी नाव सोबत गेले. आजची फाइल दोन हात फिरली की ‘अननोन आर्टिस्ट, ट्रॅक ३’ होते. मग ती एखाद्या जाहिरातीखाली वाजते, आणि बंदिश बांधणारीचा पत्ता नसतो.

कायद्याने या बाबतीत फार उशीर केला. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात संगीतकृती म्हणजे छापलेली किंवा लिहून काढलेली रचना; न लिहिता बांधणारा आणि गाणारा त्या व्याख्येच्या बाहेरच. १९९४च्या दुरुस्तीत लेखनाची अट गेली आणि सादर करणाऱ्या कलावंताला प्रथमच स्वतंत्र हक्क मिळाला. नैतिक हक्क, म्हणजे नाव लावले जाण्याचा आणि कृतीची मोडतोड रोखण्याचा, त्याला २०१२मध्ये मिळाला. तरी एकट्या गायिकेने कोणाकोणाच्या मागे कोर्टात धावायचे? तिची ती ओळ म्हणूनच मला भाबडी वाटत नाही. कुलपापेक्षा ती श्रोत्याला अधिक मोठा मानते.

पण ओळीत एक उणीव आहे, आणि ती सांगणे माझे काम आहे. जो ‘नेऊ नका’ म्हणतो, त्याने ‘मी सांभाळीन’ असेही म्हणायला हवे. घराण्याने चीज दिली नाही तेव्हा ती जपण्यासाठी निदान शिष्य होते. संकेतस्थळाचे वर्षाचे पैसे भरायचे राहिले की सगळे एका रात्रीत नाहीसे होते. या नऊ बंदिशींखाली साथीदारांची नावे नाहीत, रचनेचे वर्ष नाही, दुसरी प्रत कुठे ठेवली आहे याचा उल्लेख नाही. अशा वेळी उतरवून घेणारा लोभी असेल तसा भयभीतही असू शकतो.

मी त्या बंदिशी उतरवून घेतल्या नाहीत. तिथेच बसून ऐकल्या आणि टिपणे काढली. झपतालातल्या गौड मल्हाराच्या बंदिशीत अंतऱ्याहून परतताना ती मुखडा दोन मात्रा उशिरा उचलत होती, आणि त्या दोन मात्रांत पावसाआधीचा थांबलेला वारा ऐकू येत होता. त्यावर एक परिच्छेद लिहिला. महिन्याभराने पुन्हा ऐकायला गेलो तर ध्वनिमुद्रण बदललेले. तिने बंदिश नव्याने गायली होती. मुखडा आता सरळ जागेवर येत होता. मी तिला विचारले. ती म्हणाली, “ते मला पटेनासं झालं, दादा. लोकांनी नेलं असतं तर मला बदलता आलं नसतं.”

तिचे बरोबर होते. माझ्या मते नवे गाणे जुन्याहून उणे होते, हेही बरोबर होते. आणि ते सिद्ध करायला माझ्याजवळ काही नव्हते. परिच्छेद खोडावा असे मनात आले. खोडला नाही. त्याखाली ऐकल्याची तारीख घातली, आणि हे गायन आता ऐकायला मिळत नाही, एवढे लिहिले. तिला मात्र एक विनंती केली : जुने लोकांना ऐकवू नकोस, पण पुसून टाकू नकोस. तिने अजून उत्तर दिलेले नाही.