नावातला आकडा

अंबाझरी तलाव गोरेवाड्याच्या जंगलापेक्षा हिरवा आहे, असे मला माझ्याच संगणकाने दाखवले आणि मी दोन दिवस त्यावर विश्वास ठेवला. उपग्रहाच्या प्रतिमांवरून नागपूरच्या तलावांची वर्षवार स्थिती मांडावी, एवढाच माझा उद्योग होता. अंबाझरीत जलपर्णी माजते हे नागपूरकराला सांगावे लागत नाही. त्यामुळे तलावाच्या मध्यावर गडद हिरवा रंग दिसला तेव्हा मला शंका आली नाही. उलट पुरावा हाती लागल्याचा आनंदच झाला. लेखाचे शीर्षकही सुचून झाले होते. तिसऱ्या दिवशी रंग बाजूला ठेवून नुसते आकडे छापून पाहिले, तर ज्या मापाची कमाल मर्यादा १ आहे त्या मापात तलावावर पासष्टच्या आसपासचे आकडे होते.

चूक माझी होती, यात वाद नाही. मी संगणकशास्त्र कुठल्या वर्गात शिकलेलो नाही. जे येते ते पुस्तके चाळून आणि चुका करून आलेले आहे. पण ही चूक उलगडताना एक गोष्ट लक्षात आली, आणि ती भाषेच्या अभ्यासकांपुढे ठेवण्याजोगी वाटली. प्रतिमांवर काम करणाऱ्या साधनांत संख्यांच्या प्रकारांना नावे दिलेली असतात. त्यांतली काही नावे वाचता येतात आणि काही फक्त माहीत असावी लागतात. या दोहोंतला फरक मला एका तलावाएवढा महाग पडला असता.

आधी थोडी पार्श्वभूमी. संगणकाच्या दृष्टीने प्रतिमा म्हणजे आकड्यांचा तक्ता. प्रत्येक ठिपक्याच्या घरात एक आकडा असतो. ते घर किती मोठे, हे आधीच ठरवावे लागते. आठ बिटांच्या घरात २५६ वेगवेगळे आकडे मावतात, म्हणजे ० ते २५५. सोळा बिटांच्या घरात ० ते ६५,५३५. ऋण संख्याही ठेवायच्या असतील तर तेवढ्याच जागेची विभागणी करावी लागते. मग सोळा बिटांत -३२,७६८ ते ३२,७६७ इतका पल्ला मिळतो. म्हणजे कुठल्याही घराविषयी निदान तीन गोष्टी कळायला हव्यात: रुंदी किती, ऋण संख्या चालतात का, आणि आकडा पूर्णांक आहे की दशांशचिन्हाचा.

आता तलावाचे गणित. हिरवे पान लाल प्रकाश शोषते आणि डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाश परतवते. पाणी निकट-अवरक्त प्रकाश गिळून टाकते. म्हणून निकट-अवरक्तातून लाल वजा करायचा आणि उत्तराला दोन्हींच्या बेरजेने भागायचे. हा वनस्पती निर्देशांक. तो -१ ते १ यांच्या दरम्यान राहतो. दाट झाडीवर १ कडे झुकतो, पाण्यावर सहसा शून्याखाली जातो. समजा, पाण्याच्या एका ठिपक्यावर लाल ६०० आणि निकट-अवरक्त ४०० आहे. वजाबाकी -२००, बेरीज १,०००, निर्देशांक -०.२. हे वहीतले उत्तर झाले. माझे आकडे मात्र ऋण न चालणाऱ्या सोळा बिटांच्या घरांत होते. तिथे -२०० ला जागा नाही. जुन्या स्कूटरचा किलोमीटर दाखवणारा काटा शून्याच्या मागे फिरवला तर सगळे नऊ दिसू लागतात, तसे इथे ६५,५३६ मधून २०० जाऊन ६५,३३६ उरतात. भागिले १,०००, म्हणजे ६५.३. संगणकाने कुरकूर केली नाही, आणि चित्र रंगवताना १ च्या वरचे सारे काही गडद हिरवे झाले.

त्या प्रकाराचे नाव 'यूइंट१६'. कार्यक्रमात ही नावे रोमन लिपीत असतात. इथे उच्चार देतो. 'यू' म्हणजे अनसाइन्ड, ऋण नसलेला. 'इंट' म्हणजे पूर्णांक. १६ म्हणजे बिट. तिन्ही गोष्टी नावातच आहेत. मी ते नाव छापून पाहिले असते तर पहिल्याच दिवशी 'यू'ने मला सावध केले असते. हे नाव मला निर्दोष वाटते. पायथन भाषेतली सारी आकडेमोड ज्या नमपाय या लायब्ररीवर उभी आहे, तिथे ते वापरतात. १९९९ च्या सी भाषेच्या प्रमाणकात याच घाटाची नावे आली. त्याआधी 'शॉर्ट', 'इंट', 'लाँग' अशी नावे होती आणि त्यांची रुंदी यंत्रागणिक बदलू शकत असे.

जुन्या मापांची आठवण ठेवणाऱ्या वाचकाला हा प्रकार नवा वाटणार नाही. शेर म्हटले की कच्चा की पक्का, आणि कुठल्या गावचा, हे विचारावे लागे. शब्द सोपा, सर्वांच्या तोंडी. पण दोन गावांच्या मध्ये तो भरवशाचा नसे. बाजारातल्या बाजारात शेर चालतो, कारण तिथे सगळ्यांना ठाऊक असते. बाहेरगावचा माणूस आला की तंटा सुरू होतो. १९५६ च्या वजन-माप कायद्याने दशमान पद्धत आणली, ती या तंट्यांवर इलाज म्हणूनही.

नमपायमध्येही शेर शिल्लक आहेत. एकाच प्रकाराला तिथे तीन पद्धतींनी हाक मारता येते. पहिली 'यूइंट८' सारखी पूर्ण नावे. दुसरी एकाक्षरी: लहान लिपीतले 'बी' म्हणजे ऋण चालणारे आठ बिट, मोठ्या लिपीतले 'बी' म्हणजे ऋण न चालणारे. फरक फक्त अक्षराच्या उंचीचा. तिसरी पद्धत अक्षर आणि आकडा यांची, आणि फसगत इथे होते. 'इंट८' मधला आठ बिटांचा, पण 'आय८' मधला आठ बाइटांचा, म्हणजे चौसष्ट बिटांचा. बाइटांत मोजण्याची ही रीत जुनी आहे. फोरट्रान भाषेत 'रिअल*८' असे लिहीत. पण एका घरात दोन तराजू ठेवून कुठला कधी वापरला हे न सांगणे, याला वाचनीयता म्हणता येत नाही. आकडा आहे म्हणून नाव स्पष्ट होत नाही. तो कशाचा आकडा, हेही वाचकाला कळले पाहिजे.

याहून अवघड गोष्ट अशी की आकडा आणि एकक दोन्ही असूनही नाव फसवू शकते. इंटेल घराण्याच्या प्रोसेसरवर लिनक्समध्ये नमपायचा 'फ्लोट१२८' हा प्रकार मिळतो. तो जागा १२८ बिटांची घेतो, पण मोजणी होते ८० बिटांत. बाकीची जागा भरतीची. नाव पोत्याचे माप सांगते, धान्याचे नाही. याच्या उलट उदाहरण पिलो या प्रतिमांच्या लायब्ररीत आहे. फ्रेडरिक लुंध यांनी १९९५ च्या सुमारास सुरू केलेल्या पीआयएलचा हा वारसा. त्यात काळ्या-पांढऱ्या चित्राच्या प्रकाराचे नाव नुसते '१' असे आहे. एक बिट, हा अर्थ खरा. पण स्मृतीत प्रत्येक ठिपक्याला एक पूर्ण बाइट मिळतो. करड्या चित्राचे नाव 'एल', बत्तीस बिटांच्या पूर्णांकाचे 'आय'. या नावांना आटोपशीरपणाचे सौंदर्य आहे, हे मान्य केले पाहिजे. मात्र ती वाचायची नसून पाठ करायची आहेत. ओपनसीव्हीमधले 'सीव्ही_८यूसी३' दिसायला क्लिष्ट, पण उकलले की प्रामाणिक: आठ बिट, ऋण नाही, तीन रंगवाहिन्या.

या लेखाचा खरा विषय असलेली लायब्ररी सायकिट-इमेज. २००९ पासून वाढलेले हे मुक्त साधन माझ्यासारख्या एकट्या माणसाला फार उपयोगी आहे, आणि त्याचे कागदपत्र या क्षेत्रातल्या उत्तम गद्यात मोडतात. म्हणूनच त्याच्या नामकरणावर लिहावेसे वाटते. प्रतिमा एका प्रकारातून दुसऱ्यात नेण्यासाठी त्यात काही आज्ञा आहेत. 'इमेज अ‍ॅज यूबाइट' म्हणजे ऋण नसलेले आठ बिट. 'इमेज अ‍ॅज यूइंट' म्हणजे ऋण नसलेले सोळा. 'इमेज अ‍ॅज इंट' म्हणजे ऋण चालणारे सोळा. आणि सोबत 'फ्लोट३२', 'फ्लोट६४' आहेत, त्यांत रुंदी स्पष्ट आहे. एकाच कुटुंबातल्या काही भावंडांना आडनाव आहे, काहींना नाही.

'यूबाइट'ची बाजू घेता येईल, कारण बाइट म्हणजे आठ बिट हे आता सर्वमान्य आहे. 'यूइंट'ची बाजू घेणे अवघड. ही लायब्ररी नमपायवर उभी आहे, आणि आजच्या चौसष्ट बिटांच्या लिनक्स यंत्रावर नमपायमध्ये नुसते 'यूइंट' म्हणजे चौसष्ट बिट. म्हणजे एकाच कार्यक्रमाच्या दोन ओळींत एकच शब्द एकदा १६ आणि एकदा ६४ असा अर्थ देतो. जाणकार म्हणतील की बत्तीस किंवा चौसष्ट बिटांच्या पूर्णांकी प्रतिमा विरळाच, तेव्हा आठनंतर सोळाच येणार हे उघड आहे. ते खरेही आहे. पण 'उघड' हा शब्द आतल्या माणसाचा आहे. 'इमेज अ‍ॅज यूइंट१६' असे लिहिले असते तर दोन अंक वाढले असते आणि बाहेरच्या माणसाला कोणाला विचारायला जावे लागले नसते.

इथे २०१९ चा एक मराठी वाद आठवतो. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात सत्तावीसला 'वीस सात' असे वाचण्याची पद्धत आली आणि महाराष्ट्रभर गदारोळ झाला. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांचे म्हणणे असे होते की जोडाक्षरांची नावे आणि उलटा क्रम यांमुळे मुले अडखळतात. लिहिताना दोन आधी, बोलताना सात आधी. टीकाकारांना त्यात भाषेची हानी दिसली, थट्टाही पुष्कळ झाली. मला दोन्ही बाजूंत तथ्य वाटते. २९ ला आपण एकोणतीस म्हणतो, म्हणजे नाव ऐकून तिसातून एक वजा करायचा. ८९ एकोणनव्वद, पण ९९ मात्र नव्याण्णव. वाचनीयतेच्या कसोटीवर ही नावे उतरत नाहीत. तरीही ती निश्चित आहेत. एकोणतीस म्हणजे नागपुरातही एकोणतीस आणि कोल्हापुरातही. शेर याच्या उलट: समजायला सोपा, पण अनिश्चित. नावाची वाचनीयता आणि नावाची निश्चिती हे दोन स्वतंत्र गुण आहेत, हे मला या दोन उदाहरणांनी शिकवले.

एकोणतीस टिकले, कारण ते घरात आजीच्या तोंडून शिकायला मिळते. ज्या मुलाला ते घर नाही, त्याच्यासाठी नारळीकर बोलत होत्या, असे मी समजतो. संगणकाच्या साधनांना तर तसे घर मुळातच नसते. त्यांचा वाचक कुठल्याही देशातला, कुठल्याही विषयातला. त्याच्याजवळ परंपरा नाही, गुरू असेलच असे नाही. त्याच्यापाशी फक्त नाव असते. म्हणून अशा ठिकाणी निश्चिती पुरत नाही. ती नावाच्या अक्षरांतून वाचता आली पाहिजे.

यावर दोन आक्षेप निघतात. पहिला, नावे बदलली की जुने कार्यक्रम मोडतात. खरे आहे. नमपायने 'इंट' आणि 'फ्लोट' ही आपल्या नामावलीतली दोन टोपणनावे २०२१ च्या आवृत्तीत जुनी ठरवली आणि डिसेंबर २०२२ मध्ये काढून टाकली. ती मुळात पायथनच्याच साध्या प्रकारांची नावे होती, पण नमपायच्या दारावर लावलेली पाहून लोक त्यांना नमपायचे खास प्रकार समजत. काढल्यावर असंख्य जुने कार्यक्रम अडले. पण ते ओरडून अडले. चुकीचे उत्तर देऊन गप्प बसण्यापेक्षा ते बरे. शिवाय जुने नाव काही वर्षे राहू देऊन शेजारी नवे देता येते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: नाव कितीही चांगले असले तरी सगळे सांगू शकत नाही. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाच्या प्रतिमा 'यूइंट१६' मध्येच मिळतात. जानेवारी २०२२ पासून त्यांतल्या प्रत्येक आकड्यात १,००० मिळवलेले असतात, जेणेकरून शून्याखालची मोजमापे हरवू नयेत. ते वजा न करता माझा मघाचा ठिपका घेतला, तर ६०० आणि ४०० च्या जागी १,६०० आणि १,४०० येतील आणि निर्देशांक -०.२ ऐवजी -०.०७ निघेल. २०२१ आणि २०२३ ची तुलना करणाऱ्याला तलाव बदललेला दिसेल; प्रत्यक्षात बदलली ती नोंदीची रीत. प्रकाराचे नाव दोन्ही वर्षी तेच. तेव्हा नाव म्हणजे पूर्ण हमी नव्हे. पण जे नावात मावते तेही न लिहिण्याला हे समर्थन होत नाही.

हे सारे इतके ताणून धरण्याचे कारण एवढेच की या प्रतिमा आता सर्वांच्या झाल्या आहेत. नागपुरात महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे, मृदा सर्वेक्षणाच्या राष्ट्रीय ब्युरोचे मुख्यालय आहे. तिथल्या तज्ज्ञांना 'यूइंट' म्हणजे काय हे विचारावे लागत नाही. पण तलाव कोणी बुजवला, झुडपी जंगल किती उरले, हे प्रश्न तज्ज्ञांपुरते राहिलेले नाहीत. उपग्रहाची प्रतिमा फुकट मिळते, साधनेही फुकट मिळतात. पत्रकार, शिक्षक, निवृत्त कारकून कोणीही नकाशा काढू शकतो आणि तो सभेत फडकावू शकतो. त्या नकाशाखाली काय घडले हे तपासण्याची पहिली जागा म्हणजे ही नावे.

'अनसाइन्ड'ला मराठी शब्द शोधताना मी 'ऋणमुक्त' असा लिहून पाहिला होता. ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये धन आणि ऋण हे शब्द संख्यांसाठी वापरले, त्याच वळणाचा. पण विदर्भात हा शब्द हिशेबाच्या वहीत लिहवेना, शिवाय तो चुकीचाही आहे. ऋण मांडायला जागा ठेवली नाही, म्हणून ते फिटत नाही. 'ऋण न मावणारा' असे लांबलचक लिहिले आणि तेच ठेवले. आता कुठलीही प्रतिमा उघडली की पहिल्या ओळीत मी तिच्या प्रकाराचे पूर्ण नाव छापून घेतो, वजाबाकीआधी ती दशांशाच्या घरात नेतो, आणि रंग शेवटी भरतो.