नागरी समाज आणि गावकुसाबाहेरचा माणूस

विषमता दूर करण्यासाठी काम करणाऱ्या संस्थांची चिकित्सा आपल्याकडे बहुधा दोन तऱ्हांनी होते. 'परक्या पैशावर चालणारी दुकाने' म्हणून त्यांना झटकून टाकले जाते, नाही तर 'निदान काही तरी करतात' म्हणून सोडून दिले जाते. या दोन्ही भूमिका मला अपुऱ्या वाटतात. पैसा कोणाचा, हा प्रश्न खराच आहे. परंतु तेथे विषमतेची व्याख्या कोण करतो, हा प्रश्न त्याहून मूलभूत आहे.

जानेवारी २००४ मध्ये गोरेगावच्या नेस्को मैदानावर जागतिक सामाजिक मंच भरला. २००१ पासून ब्राझीलमध्ये भरणारा हा मेळावा प्रथमच आशियात आला. शंभराहून अधिक देशांतून सुमारे लाखभर माणसे आमच्या उपनगरात जमली. भारतीय आयोजकांनी फोर्ड फाउंडेशनचा पैसा नाकारला. जागतिकीकरण, पितृसत्ता, युद्धखोरी आणि जमातवाद यांच्या जोडीला जात आणि वंशवाद हे सूत्रही मुख्य विषयांत आले. ही कोणाची मेहेरबानी नव्हती. दलित कार्यकर्त्यांनी लढून मिळवलेली ती जागा होती. हायवेच्या पलीकडे 'मुंबई रेझिस्टन्स'चे समांतर संमेलन भरले होते. त्यांचा आक्षेप प्रामुख्याने पैशावर आणि त्यातून येणाऱ्या तडजोडीवर होता. तो रास्तच होता. पण पैसा स्वच्छ झाला म्हणून नेतृत्वाचा प्रश्न सुटतो काय?

या लढ्याची आदली पायरी डर्बनची. २००१ साली तेथे वंशवादविरोधी जागतिक परिषद झाली. जात हा आमचा अंतर्गत मामला आहे, अशी भूमिका भारत सरकारने घेतली आणि अधिकृत जाहीरनाम्यात जातीचा उल्लेख येऊ शकला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात दोह्याच्या व्यापार परिषदेत हेच सरकार श्रीमंत देशांच्या दडपणाविरुद्ध गरीब देशांची बाजू मांडत होते. देशादेशांतली विषमता जगाने पाहावी, देशातली मात्र पाहू नये, असा हा न्याय! जिनिव्हाच्या वंशभेदनिर्मूलन समितीने २००२ साली जन्माधारित भेदभावात जातीचा समावेश केला, तेव्हा हा न्याय टिकणारा नाही हे स्पष्ट झाले. बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखले होते. १९४६ साली त्यांनी अमेरिकेतील काळ्या लोकांच्या संयुक्त राष्ट्रांकडील अर्जाच्या प्रती मागवण्यासाठी डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिले होते.

आता या संस्थांच्या भाषेकडे वळू. मी घाटकोपरला शिकवतो. माझ्या घरातला मी पहिला पदवीधर, म्हणून शब्दांकडे जरा संशयाने पाहण्याची सवय आहे. विद्यार्थी प्रकल्पासाठी संस्थांचे अहवाल आणतात. त्यांत 'लाभार्थी', 'लक्ष्यगट', 'वंचित घटक', 'क्षमताबांधणी' हे शब्द पानोपानी असतात. वंचित, पण कोणी वंचित केले? क्षमता बांधायची, पण ती मोडली कोणी? वाक्यात कर्ताच नसतो. 'सिव्हिल सोसायटी'ला आपण 'नागरी समाज' म्हणतो. ज्याला गावाने कुसाबाहेर ठेवले त्याला या समाजात प्रवेश मिळतो तो लाभार्थी म्हणून. श्रीमंत आणि गरीब यांच्यातले अंतर आकड्यांत मोजता येते. पण बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, ती नुसते अंतर नव्हे, ती उतरंड आहे. तिच्यात प्रत्येकाच्या पायाखाली कोणी तरी असतो, आणि म्हणून प्रत्येकाला ती सोयीची वाटते.

शब्दांचा हा खेळ निरुपद्रवी नाही. मुंबई महापालिकेच्या दत्तक वस्ती योजनेत आणि तिच्या जागी आलेल्या स्वच्छ मुंबई प्रबोधन अभियानात झोपडपट्ट्यांची सफाई संस्थांकडे सोपवली गेली. झाडणाऱ्यांना 'स्वयंसेवक' म्हटले गेले आणि त्यांना वेतनाऐवजी मानधन मिळू लागले. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्यावर घाण उपसण्याचे काम लादले, त्यांची मजुरी एका उदात्त शब्दाने कापली गेली. याउलट कचरा वाहतूक श्रमिक संघाने 'आम्ही कामगार आहोत' एवढेच म्हटले आणि ते न्यायालयात सिद्ध केले. २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली उचलून धरला. तेथे लाभार्थी नव्हते, वादी होते. विषमता कमी होण्याचा अर्थ मला येथे दिसतो.

म्हणून संस्थाच नकोत असे माझे म्हणणे नाही. १९२४ च्या बहिष्कृत हितकारिणी सभेचे अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड होते. परजातीयांची मदत बाबासाहेबांनी नाकारली नाही. कार्यक्रमाची दोरी मात्र त्यांनी स्वतःच्या हाती ठेवली. आज सरकार संस्थांवर जो वरवंटा फिरवते आहे, त्याचेही स्वागत करता येणार नाही. २०२० च्या कायदादुरुस्तीने परकीय निधी एका संस्थेने दुसरीला देण्यास बंदी केली. मोठ्या संस्थेमार्फत चार पैसे मिळवणाऱ्या वस्तीतल्या लहान संस्थेची वाट त्यामुळे बंद झाली. ऑक्सफॅम इंडियाची परकीय निधीची नोंदणी २०२२ च्या आरंभी संपली आणि तिचे नूतनीकरण झाले नाही. आमची टीका संस्थांनी अधिक लोकांच्या व्हाव्यात म्हणून आहे. सरकारला लोकच बोलायला नको आहेत.

तेव्हा आपल्या दारात येणाऱ्या प्रत्येक संस्थेला कार्यकर्त्यांनी तीन प्रश्न विचारावेत. तुमच्या कार्यकारिणीत आमचे किती जण आहेत? तुमचा हिशेब आमच्या वस्तीत, आमच्या भाषेत वाचला जातो काय? आणि आम्ही 'नाही' म्हटले तर तुमचा कार्यक्रम बदलतो काय? उत्तरे देणाऱ्यांशी हातमिळवणी जरूर करावी. जे उत्तर देणार नाहीत, त्यांच्या अहवालात आपला फोटो छापू देऊ नये.