कोष्टकात नसलेला रकाना

सूक्ष्मजीवशास्त्राच्या पुस्तकांत एक कोष्टक हमखास भेटते. डावीकडे रोगजंतूंची नावे, वरच्या ओळीत मेदाम्लांची आणि चौकटींत टक्केवारी. जणू प्रत्येक जंतूच्या बोटांचे ठसेच! माझी तक्रार आकड्यांविषयी नाही. ते बहुधा अचूक असतात. तक्रार आहे ती ते ज्या रीतीने वाचले जातात तिच्याविषयी.

आधी या पद्धतीला तिचे श्रेय देऊ. जंतूच्या पेशीपटलात मेदाम्लांच्या लांब साखळ्या असतात. त्या सरळ आहेत, शाखायुक्त आहेत की दुहेरी बंध असलेल्या, यावर पटल किती प्रवाही राहणार हे ठरते. (थंडीत खोबरेल गोठते, शेंगदाणा तेल गोठत नाही. वर्गात या दोन बाटल्या शेजारी ठेवल्या की मुद्दा लगेच उमगतो.) गॅस क्रोमॅटोग्राफ यंत्राने ही मेदाम्ले वेगळी करून मोजता येतात. १९७६ साली फिलाडेल्फियातील माजी सैनिकांच्या अधिवेशनात न्यूमोनियाची गूढ साथ आली. पुढे तिचा जंतू हाती लागला, तेव्हा त्याच्यात शाखायुक्त मेदाम्लांचे प्राबल्य आढळले. ग्रॅम-ऋण जंतूंत हे फार विरळा. हा ‘लेजिओनेला’ नेहमीच्या मंडळींपैकी नव्हे, याचा तो एक ठोस पुरावा ठरला.

पण ठसे बदलत नाहीत, मेदाम्ले बदलतात. आमच्या प्रयोगशाळेत एका विद्यार्थ्याने शनिवारी काढायचा ‘ई. कोलाय’चा फ्लास्क सोमवारी काढला. दुहेरी बंधाची मेदाम्ले घटलेली, आणि त्यांच्या जागी तीन कार्बनांचे कडे असलेली! वाढ थांबल्यावर हा जंतू असा फेरफार करतोच. तापमान उतरले की दुहेरी बंध वाढवतो. बिचाऱ्याला वाटले, नवी जात सापडली.

हे निदान प्रयोगशाळेतले घोटाळे. सारखे माध्यम, सारखे तापमान आणि सारखे वय ठेवले की टळतात. खरी अडचण पुढची आहे. गळवांतून सापडणारा ‘स्टॅफिलोकॉकस ऑरियस’ पाहा. कोष्टकात त्याच्या नावापुढे दुहेरी बंधाची मेदाम्ले जवळजवळ शून्य, कारण ती त्याला बनवताच येत नाहीत. हाच जंतू सीरममध्ये वाढवला, तर ती मेदाम्ले त्याच्या पटलात मोठ्या प्रमाणात दिसतात. ती आपल्या रक्तातून उसनी घेतलेली असतात. ‘मायकोप्लाझ्मा’ तर बहुतांशी उसनवारीवरच जगतो. त्याचे कोष्टक म्हणजे त्याला घातलेल्या सीरमचे कोष्टक. मग छापलेला आकडा नेमका कोणाचा? फ्लास्कमधल्या जंतूचा. रुग्णातल्या जंतूचा असेलच असे नाही.

हा शब्दच्छल नव्हे. जंतूची मेदाम्लनिर्मिती बंद पाडणारी प्रतिजैविके शोधण्यासाठी मोठा खर्च झाला आहे. २००९ मध्ये ‘नेचर’ साप्ताहिकात फ्रेंच संशोधकांनी दाखवले की मानवी सीरममधून मेदाम्ले मिळाली, तर काही स्ट्रेप्टोकॉकस अशा औषधांना दाद देत नाहीत. पुढच्याच वर्षी त्याच साप्ताहिकात उत्तर आले की स्टॅफिलोकॉकसला हे लागू नाही. वाद रंगला. माझ्या मते दोन्ही बाजूंना काही प्रमाणात आधार होता, कारण उसनवारीची रीत प्रत्येक जंतूची वेगळी आहे. स्ट्रेप्टोकॉकसला बाहेरून माल मिळाला की तो स्वतःचा कारखाना आवरता घेतो. स्टॅफिलोकॉकस सहसा चालू ठेवतो. टक्केवारीचे कोष्टक याबाबत मुके आहे.

म्हणून तुलना करायचीच, तर टक्केवारीशेजारी दोन रकाने हवेत: जंतू कशावर वाढवला, आणि हे मेदाम्ल तो स्वतः बनवतो की मिळेल तेथून उचलतो. क्षयाचा जंतू दुसऱ्या रकान्याचे महत्त्व सर्वांत चांगले दाखवतो. त्याच्या भित्तिकेतली मायकोलिक अम्ले साठ ते नव्वद कार्बनांची, अवाढव्य. मानवी शरीरात ती नसतात, त्यामुळे उसनी आणण्याचा प्रश्नच येत नाही. ती घडवणारे एक विकर आयसोनियाझिड अडवते. हे औषध १९५२ पासून क्षयावर वापरात आहे. प्रतिरोधी जंतू त्यालाही भेटले, पण ते आपल्या जनुकांत बदल करून निसटले. रक्तातून मेदाम्ले उचलून नव्हे.