दप्तराचा काटा

दप्तराचे वजन विद्यार्थ्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक असू नये, असा आदेश महाराष्ट्र शासनाने जुलै २०१५ मध्ये काढला आणि तो पाळला जाण्याची जबाबदारी मुख्याध्यापक व संस्थाचालकांवर टाकली. तेव्हापासून अधूनमधून शाळेत स्प्रिंगचा काटा येतो, पाच-दहा दप्तरे टांगली जातात, नोंदवहीत आकडे भरले जातात आणि काटा कपाटात परत जातो. आदेशामागचा हेतू चांगला आहे. आमचे भांडण हेतूशी नाही, काट्याशी आहे.

प्रथम दहा टक्क्यांविषयी. हा आकडा निसर्गनियम असावा अशा थाटात सांगितला जातो. परंतु अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना दहा ते वीस टक्के म्हणते. म्हणजे तज्ज्ञांच्या सल्ल्यातच दुपटीचा फरक आहे. दप्तर आणि पाठदुखी यांवरील ६९ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये ब्रिटनच्या एका क्रीडावैद्यक नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दप्तराच्या वजनामुळे किंवा ते उचलण्याच्या पद्धतीमुळे मुलांना पाठदुखी जडते असा खात्रीलायक पुरावा त्यात मिळाला नाही. यातले बहुतेक अभ्यास एकाच वेळी केलेल्या पाहणीचे होते. मुलांचा काही काळ मागोवा घेणारे अवघे पाच. तेव्हा जड दप्तर निरुपद्रवी ठरले, असा अर्थ कोणी काढू नये. तिसरा मजला चढून आलेल्या मुलीचे खांदे दुखतात हे खरेच आहे, आणि तेवढे कारण ओझे कमी करायला पुरेसे आहे. पण ‘मणका कायमचा वाकतो’ हे भय दाखवून केलेला नियम विज्ञानाच्या नावावर खपवू नये, एवढेच आमचे म्हणणे.

आता गुणोत्तराचा घोळ पाहा. सातवीच्या एकाच बाकावर २५ किलोची मुलगी आणि ४५ किलोचा मुलगा शेजारी बसलेले आपण पाहतो. नियमाप्रमाणे तिला अडीच किलोची मुभा, त्याला साडेचारची. पुस्तके मात्र दोघांची तीच. म्हणजे जी मुलगी अंगाने बारीक, कदाचित घरी पुरेसे न मिळाल्यामुळेच बारीक, तिचेच दप्तर नियमभंग करणार! केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात इयत्तावार मर्यादा दिल्या आहेत: पहिली-दुसरीला १.६ ते २.२ किलो, सहावी-सातवीला २ ते ३, नववी-दहावीला २.५ ते ४.५. हे त्यातल्या त्यात व्यवहार्य आहे. निदान शिक्षकाला प्रत्येक मुलाचे वजन घेत बसावे लागत नाही.

काट्याला एक गोष्ट मुळीच कळत नाही, ती म्हणजे दप्तर पाठीपासून किती दूर लोंबते. तरफेचा धडा आठवू या. ३० किलोच्या मुलाच्या पाठीवर ३ किलोचे दप्तर आहे आणि त्याचा गुरुत्वमध्य मुलाच्या गुरुत्वमध्यातून जाणाऱ्या उभ्या रेषेच्या मागे १५ सें.मी. आहे असे धरू. दोघांचा मिळून गुरुत्वमध्य ३ × १५ भागिले ३३, म्हणजे सुमारे १.४ सें.मी. मागे सरकतो. तोल सावरण्यासाठी मूल तेवढे पुढे झुकते. आता पट्टे सैल सोडून तेच दप्तर २५ सें.मी. मागे जाऊ द्या, सरक २.३ सें.मी. होते. उलट ४ किलोचे दप्तर घट्ट बांधून १५ सें.मी.वरच ठेवले, तर सरक १.८ सें.मी.च! काटा मात्र पहिल्याला पास करतो आणि दुसऱ्याला नापास. (खांद्यावरचा भार ४ किलोचाच राहतो, हे कबूल. म्हणून तर रुंद पट्ट्यांचे महत्त्व.) पट्टे आवळायला शिकवण्यासाठी शासन निर्णयाची गरज नाही, परिपाठाची पाच मिनिटे पुरतात.

दप्तरात असते काय? त्याच ३० किलोच्या मुलाचे ३ किलो मोजू या. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, बाटलीचे वजन वेगळेच. भक्कम कापडाचे रिकामे दप्तर पाऊण किलोच्या आसपास. भरलेला डबा अर्धा किलो धरा. अभ्यासाचे एक पानही न भरता सव्वादोन किलो संपले! उरलेल्या पाऊण किलोत पुस्तके, वर्गपाठाच्या वह्या, गृहपाठाच्या वह्या, स्वाध्याय पुस्तिका आणि कंपासपेटी बसवायची आहे. एक किलो पाणी मूल पाठीवर का आणते? शाळेच्या नळावर त्याच्या आईचा विश्वास नाही म्हणून. पिण्यायोग्य पाण्याची सोय शाळेने करावी, असे २०२० चे धोरणही सांगते. टाकी धुऊन घेणे हा दप्तर हलके करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय असावा.

आणि पुस्तके शाळेत का ठेवता येत नाहीत? शहरांतील कितीतरी शाळा दोन अधिवेशनांत भरतात. सकाळी ज्या बाकावर नववीची मुलगी बसते, तिथे दुपारी पाचवीचा मुलगा येतो. बाकाचा खण तिचा नाही, कपाट तिचे नाही, म्हणून सगळा संसार पाठीवर. प्रयोगशाळेत जाताना ‘दप्तर वर्गातच ठेवा’ हा नियम योग्यच आहे. बर्नर पेटलेले असताना पायात पट्टे नकोत. पण परत आल्यावर कंपासपेटी जागेवर सापडली पाहिजे, नाहीतर मुले दप्तर पाठीवर घेऊनच हिंडतात, आणि त्यांचे काही चुकत नाही. अमेरिकेत विद्यार्थीच तासागणिक खोली बदलतात. तिथल्या अनेक शाळांत दोन तासांच्या मध्ये दप्तर बाळगायला मनाई असते. पण ती मनाई चालते, कारण बोळात प्रत्येकाच्या नावाचे कुलपाचे कपाट असते. कपाटाआधी मनाई आली, तर तो नियम नव्हे, नुसता त्रास.

२०२३-२४ मध्ये आपल्या राज्यात दुसरी ते आठवीची पाठ्यपुस्तके चार भागांत विभागून त्यांत वहीची कोरी पाने घालण्यात आली. पुस्तकातच लिहा, वही आणू नका, ही कल्पना. मुले पुस्तकही आणू लागली आणि वहीही. जानेवारी २०२५ मध्ये निर्णय मागे घेतला गेला. यात नवल नाही. वही तपासायची, तिला आवरण घालायचे, विषयागणिक ती वेगळी असायची, हे आम्ही शिकवणारे ठरवतो. ते न बदलता कागद वाढवला की कागदाचे वजनच वाढते.

या प्रश्नाला वाचा फुटली ती १९८९ मध्ये आर. के. नारायण यांच्या राज्यसभेतील भाषणाने. मग १९९२ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ प्रा. यशपाल यांची समिती नेमली गेली आणि १९९३ मध्ये तिचा अहवाल आला. दप्तराच्या किलोंपेक्षा न समजता शिकण्याचे ओझे अधिक घातक आहे, असे समितीने स्पष्ट नोंदवले होते. ते ओझे काट्यावर येत नाही, म्हणून त्यावर आदेश निघत नाही, काट्यावर येते त्याच्यावर निघतो.

काटा शाळेत आलाच आहे, तर तो पर्यवेक्षकाच्या हातून काढून सातवीच्या वर्गाच्या हाती द्यावा, अशी आमची सूचना आहे. मुलांनी दप्तरातील प्रत्येक वस्तू वेगळी तोलावी. वजनापुढे दोन रकाने करावेत: ही वस्तू आणायला कोणी सांगितले, आणि आज ती किती मिनिटे वापरली. आठवडाभराच्या नोंदी झाल्या की तक्ता शिक्षकांच्या खोलीत, वेळापत्रकाच्या शेजारी लावावा.