जठराच्या कर्करोगातील वर्तुळाकार आरएनएची भूमिका : एक चिकित्सा

प्रस्तावना :
जठराचा कर्करोग बहुधा उशिरा लक्षात येतो. आम्लपित्त समजून रुग्ण दीर्घकाळ घरगुती उपचार करतो व एन्डोस्कोपी होईपर्यंत रोग पसरलेला असतो. २०२२ मध्ये जगात या रोगाने सुमारे ६ लाख ६० हजार मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. रक्ततपासणीतून रोगाचे लवकर निदान करण्याचे साधन म्हणून वर्तुळाकार आरएनएकडे पाहिले जाते. प्रस्तुत लेखात या अपेक्षेची चिकित्सा केली आहे.

स्वरूप व कार्य :
सर्वसाधारण आरएनए रेणूला दोन टोके असतात. वर्तुळाकार आरएनएची टोके परस्परांशी जोडलेली असल्याने टोकाकडून विघटन करणाऱ्या विकरांसमोर तो टिकून राहतो. त्याला दीर्घकाळ पेशीतील निरुपयोगी उत्पादन मानले गेले. २०१३ मध्ये सीआयआरएस-७ या रेणूवर मायक्रो आरएनए-७ बांधला जाण्याच्या ७० हून अधिक जागा आढळल्या आणि 'स्पंज' ही कल्पना रूढ झाली. जठराच्या कर्करोगात सर्क-एलएआरपी४ गाठीची वाढ रोखतो, तर सर्क-पीव्हीटी१ पेशींच्या वाढीस साहाय्य करतो, असे २०१७ मधील संशोधनांत मांडले गेले.

चिकित्सा :
स्पंजाची उपमा आकर्षक असली तरी सर्वत्र लागू पडत नाही. अनेक वर्तुळाकार रेणू पेशीत अत्यल्प असतात. विपुल मायक्रो आरएनएला ते कितपत अडवतील, हा प्रश्न उरतोच. शिवाय या विषयावरील बहुसंख्य अभ्यास चीनमधील असून अनेकांत गाठीची तुलना त्याच रुग्णाच्या लगतच्या ऊतींशी केलेली आहे. निदानात मात्र प्रारंभिक कर्करोग आणि साधा जठरदाह यांतील भेद ओळखावा लागतो.

नागपूरच्या दृष्टीने दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. येथील कर्करोग नोंदणीत पुरुषांमध्ये मुखाचा कर्करोग ठळक आहे. जठराच्या कर्करोगाचे प्रमाण भारतात मिझोराममध्ये विशेष आढळते. समजा, १ लाख व्यक्तींत १० रुग्ण आहेत आणि चाचणी रोगी व निरोगी दोघांनाही ९० टक्के अचूक ओळखते. ९ रुग्ण सापडतील, पण ९,९९९ निरोगी व्यक्तीही संशयित ठरतील. त्या सर्वांची एन्डोस्कोपी करण्याचा भार कोणतेही शासकीय रुग्णालय पेलू शकणार नाही.

निष्कर्ष :
वर्तुळाकार आरएनएचे जीवशास्त्रीय महत्त्व निर्विवाद आहे. निदानातील उपयुक्तता अद्याप सिद्ध व्हावयाची आहे. सरसकट चाचणीपेक्षा दीर्घकाळ लक्षणे असलेल्या रुग्णांत, स्थानिक नमुन्यांवर तिची पारख होणे आवश्यक आहे. तोपर्यंत वेळेवर केलेली एन्डोस्कोपी व ऊतिपरीक्षा हाच निदानाचा विश्वसनीय मार्ग होय.